फुलं कमी, जमीन जास्त

साठ पत्ते लागतात. एकसष्ट नाही, एकोणसाठ नाही.
माझ्याकडे चारशे अकरा,
बुटांच्या तीन खोक्यांत, रबर लावून.
त्यातून साठ निवडायचे म्हणजे
तीनशे एक्कावन्न जणांना
तुम्ही घरीच थांबा, असं तोंडावर सांगायचं.

रात्री शेजारचे माग थांबले की
फरशीवर मांडून बसतो.
ज्वालासर्प चार. वादळगरुड चार.
काचेची राणी एकच, कोपऱ्यात दुमडलेली,
बार्शीच्या एका पोरानं घड्याळाच्या बदल्यात दिलेली.
(घड्याळ बंद होतं. राणीही फार चालत नाही.)
आई दारातून तेलुगूत विचारते,
यातलं जेवायला कुठलं वाढू?

गड्डी जुळली. समोर बसायला कोण?
सोलापुरात गड्डी म्हटलं की लोक गड्डा ऐकतात
आणि जानेवारीपर्यंत थांब म्हणतात.

साखर पेठेत इरण्णाच्या झेरॉक्सवर चिठ्ठी लावायला दिली:
कार्डांचा खेळ खेळायला माणूस पाहिजे, पैसे लावत नाही, रविवारी.
कागद वाचवायला इरण्णानं छापलं:
कार्डाचा माणूस पाहिजे.

आधी रमीवाले आले, तिघं.
पैसे नाहीत कळल्यावर चहा पिऊन गेले.
मग साध्या कपड्यातला हवालदार,
राणीकडे बघत बसला बराच वेळ,
याच्यात गुन्हा काय ते त्याला सापडेना.
मग जुळे सोलापूरचा सौरभ.
तीन रविवार असा खेळला की
हरूनही मी सात रस्त्यापर्यंत शीळ घालत गेलो.
चौथ्या रविवारी त्याचा फोन आला हडपसरहून.
इथले सगळे डाव तिकडेच जाऊन संपतात.

आणि मग राजमौळी चिलवेरी. वय एकाहत्तर.
खिशातून लोखंडी पंच काढून
त्यांनी टेबलावर ठेवला.
चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं पाडली म्हणाले,
मोर पाडला, कमळ पाडलं, एकदा तर अख्खा ताजमहाल,
सध्या कॉम्प्युटर पाडतो.
काय काम आहे बोला.

मी काय बोलणार? राणी पुढे केली.
त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली,
उलटी केली, परत धरली.
"भोकं कुठायत बे याला?"

भोकं नाहीत, म्हणालो. खेळ आहे.
ते उठले नाहीत.

दोन रविवार त्यांना नियम सांगण्यात गेले.
कुठला पत्ता उभा, कुठला आडवा,
शक्ती कशी साठवायची, सर्प कधी सोडायचा.
तिसऱ्या रविवारी त्यांनी माझी गड्डी मागितली,
पसरली, आणि चष्मा कपाळावर नेला.
"सगळी फुलंच भरलीस की बे.
चादर अशी विणली तर अंगावर राहील का?
फुलं कमी. जमीन जास्त."

दोन सर्प काढले. गरुड एक.
राणीवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, बोट उचललं.
बदल्यात घातले साधे पत्ते,
माती, पाणी, माती,
जे पाकिटातून निघाले की मी
शिवी देऊन खोक्यात टाकायचो.

त्या गड्डीनं मी जिंकलो. त्यांच्याशीच.
पुढच्या वेळी ते स्वतःची घेऊन आले,
माझ्याच टाकलेल्यांतून बांधलेली,
आणि हरण्याची ही एक नवीनच चव होती,
कडक भाकरीसारखी, हळूहळू मऊ होणारी.

आजचा डाव अर्धाच आहे.
त्यांची पाळी होती, हात पत्त्यावर होता,
तेवढ्यात गल्लीतून ओरडा झाला, पाणी आलं,
पाचव्या दिवशी, ते पण भर दुपारी,
आणि ते पत्ते पालथे टाकून पळाले,
या वयात, दोन घागरी आणि एक ड्रम भरायला.

पंखा चालू आहे.
त्यांचा एक पत्ता कडेनं उचलतोय,
जरासा, परत जरासा.
मी शेंगाचटणीची बरणी आणून
त्याच्यावर ठेवली आहे
आणि भिंतीकडे तोंड करून बसलोय.